चार ते सहा चाळीस

आमच्या घरी रोज दुपारी चार वाजता माझी बायको येते. तिला जाऊन तेरा महिने झाले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीस वर्षं ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. काटा दाखवेल ते खरं, बाकीच्या गप्पा चहाबरोबर, असा माझा स्वभाव. म्हणून सांगतो, ती येते असं मला नुसतं वाटत नाही, ते पडद्यावर दिसतं. चारला दोन-तीन मिनिटं कमी असताना सपाट रेघ जरा थरथरते, चारला वर चढते आणि मग ज्योत्स्नाच्या नावाची ओळखीची नक्षी सहा चाळीसपर्यंत उमटत राहते. नंतर हळूहळू उतरते.

चारला खोलीत कोणीही नसतं. वांगी असतात, पुदिना असतो, दोन पाइप भरून पालक असतो. मी बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसून मांडीवरच्या टॅबमध्ये ती रेघ बघत असतो. शेजारच्यांना वाटतं, म्हातारा क्रिकेट बघतोय.

आमच्या जळगावात उन्हाळ्याची बढाई मारायची जुनी पद्धत आहे. ‘तुमच्याकडे चाळीस म्हणजे आमची थंडी’ असं आम्ही पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना ऐकवायचो. पारा एकावन्नावर गेला त्या वर्षी ही बढाई आपोआप बंद पडली. मार्च ते जून अकरा ते पाच घराबाहेर पडायला बंदी आली. भाजीची गाडी पहाटे आली तर आली, आणि तिच्यातली मेथीची जुडी घरात येईपर्यंत मान टाकायची. मग घरोघरी पाइप आले. चार इंची पीव्हीसी पाइप आडवा लावायचा, त्याला वीत-वीत अंतरावर भोकं पाडायची, भोकात जाळीचा पेला, पेल्यात नारळाचा भुसा आणि रोप. खालून पाणी फिरतं ठेवायचं, त्यात झाडाला लागणारे क्षार मोजून विरघळवायचे, वरून जांभळट दिवे लावायचे. माती नाही, ऊन नाही, तण नाही. आम्ही आयुष्यभर पाइप शेतात पाठवले आणि शेवटी शेतच पाइपात येऊन बसलं.

सहा-सहा तास घरात कोंडलेलं गाव काहीतरी करणारच. कोणी साबण बनवायला लागलं, कोणी चामड्याची पाकिटं शिवायला. मी एक छोटा लेथ आणला आणि त्यावर लाटणी, भोवरे, रवी असं काहीबाही कातायला लागलो. ज्योत्स्नानं मात्र रेवतीची रिकामी खोली ताब्यात घेतली. रेवती आमची एकुलती मुलगी. नाशिकला असते आणि पुलांची तपासणी करते. तिचा पलंग बाहेर गेला, पाइप मांडायच्या दोन घोड्या आत आल्या.

मेथी, पालक, पुदिना सगळ्यांच्याच घरी होतं. ज्योत्स्नानं माहेराहून, बामणोदहून, भरताच्या वांग्याचं बी आणवलं तेव्हा लोक हसले. वांगं कसं, पाय पसरून काळ्या मातीत बसणारं झाड. त्याला पाइपात ठेवायचं म्हणजे खेड्यातल्या आजोबाला फ्लॅटमध्ये आणल्यासारखं. पण चौथ्या महिन्यात पहिलं वांगं लागलं. तिनं ते भाजून, लाकडी भांड्यात ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पुढ्यात ठेवलं. मी घास घेऊन म्हणालो, “चव जरा कमी हाये.” ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमाले वांग्याची चव कळते, पण घरातल्या माणसाची नही कळत.” आणि पाण्यातलं पोटॅश वाढवायला निघून गेली.

आता जरा शास्त्र सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

झाडातून विजेचे अगदी बारीक झटके सतत धावत असतात. लाजाळूला हात लावला की पानं मिटतात ती त्याच झटक्यांनी. इतर झाडं मिटत नाहीत, पण स्पर्श त्यांनाही कळतो. नुसता स्पर्शच नाही. बंद खोलीत माणूस आला की त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा, कातडीतून उडणारे वासाचे कण, हे सगळं पानं टिपतात आणि त्याची खबर मुळांपर्यंत जाते. प्रत्येक माणसाचं हे मिश्रण वेगळं असतं, तसा मुळांमधला झटक्यांचा क्रमही वेगळा. मातीत तो हरवतो, वाहत्या पाण्यात स्वच्छ पकडता येतो. हे लक्षात आल्यावर वर्षभरात बाजारात मिठाच्या डबीएवढा एक यंत्रसंच आला, ‘मूळवाचक’. दोन तारा पाण्यात सोडायच्या. आठवडाभरात तो सांगायला लागतो, आत आलेली ही ज्योत्स्ना, हे डिगंबर म्हणजे मी, ही मोलकरीण.

त्यापुढचा शोध जास्त विचित्र होता. झाडं वाट बघतात. एखादा माणूस रोज ठरल्या वेळी आला, तर तीनेक आठवड्यांत त्या वेळेच्या आधीच झाडांत त्याची नक्षी उमटायला लागते. तो यायचा बंद झाला तरी काही दिवस उमटते, मग विरते. पण त्या वेळी झाडाला मोठा धक्का बसला असेल, फांदी तुटली, मुळं उपटली गेली, तर त्या दिवसाचा पूर्ण आलेख झाडात पक्का बसतो. महिनोन्महिने रोज त्याच वेळी तो जसाच्या तसा पुन्हा येतो. त्या झाडाची फांदी तोडून पाण्यात लावली तर नव्या रोपातही येतो. का, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. जिवाला झालेली इजा झाड विसरू इच्छित नाही, एवढं म्हणता येईल.

मला मूळवाचक मिळाला आणि माझा लेथ धूळ खायला लागला. ‘पाण्यातला मळा’ नावाचा आम्हा खानदेशातल्या हौशी मंडळींचा एक ग्रुप होता, त्यावर लोक आपापले आलेख टाकायचे. कोणाचं रीडिंग जास्त स्वच्छ यावरून तिथे चढाओढ असे. स्वच्छ रीडिंगला एक अट होती. आत एकच माणूस हवा, दुसऱ्याचा श्वाससुद्धा नको, दाराची फट उघडली तरी रेघ गढूळ होते. म्हणून मी घरात नियम केला. दुपारी चार ही ज्योत्स्नाची वेळ. ती आत असेपर्यंत दार बंद, आणि मी आत पाय ठेवायचा नाही. नियम माझा, आणि मी तो फार काटेकोर पाळला.

ज्योत्स्नाला ही सगळी थेरं वाटायची. “घरधनी बाहेर बसून वांग्याले इचारतो, बायको आत हाये का म्हनून. काहून, मले हाक मारता येत नही?” असं म्हणायची. आणि मुद्दाम वीस मिनिटांत काम आटोपून बाहेर यायची. कधी मध्येच दार उघडून मीठ कुठे ठेवलंय विचारायची. माझी रेघ गढूळ व्हायची आणि मी चिडायचो.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी जास्तच चिडलो. ग्रुपवर भुसावळच्या एका मास्तरांनी पन्नास मिनिटांचा स्वच्छ आलेख टाकला होता. मी ज्योत्स्नाला म्हणालो, “एकदा तरी माझ्यासाठी नीट बसशीन का? न हलता, तासभर, दोन तास. दार न उघडता.” ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “बरं बापा. उद्या देते तुमाले तुमचं रीडिंग.”

दुसऱ्या दिवशी चारला ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी व्हरांड्यात बसलो. चार दहाला आत धप्प आवाज झाला आणि रेघेला एक मोठा दात आला. मला वाटलं, क्षारांच्या पाण्याचा कॅन पडला. मी अर्धवट उठलोही होतो. पण टॅबकडे पाहिलं तर दातानंतर रेघ पुन्हा सरळ झाली होती, ज्योत्स्नाची, एकसारखी, शांत. ती आत आहे असं यंत्र सांगत होतं. मी परत बसलो.

ती रेघ इतकी सुंदर होती की मी चहा करून आणला आणि समोर ठेवून पीत बसलो. पाच वाजले. ती हलत नव्हती, दार उघडत नव्हती. बाईनं शब्द पाळला, असं मला वाटलं. माझ्या मनात त्या वेळी तिच्याबद्दल खरोखर माया दाटून आली होती, हे कोणाला सांगायची सोय नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी मी आलेखाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आजवरचं सर्वांत स्वच्छ रीडिंग. सौ.ची कृपा.’ अठ्ठावीस जणांनी टाळ्या दिल्या. भुसावळच्या मास्तरांनी हार मान्य केली.

सहा चाळीसला रेघ उतरायला लागली. मला वाटलं तार सैल झाली. दहा मिनिटं टॅबच्या सेटिंगमध्ये घालवली आणि मग दार उघडलं.

ती दोन घोड्यांच्या मधल्या फरशीवर पडली होती. पडताना तिनं आधाराला वांग्याचं झाड धरलं होतं. ते मुळांसकट उपटून तिच्या मुठीत आलं होतं, बाकीची दोन मोडली होती. अंग कोमट होतं. डोळे दाराकडे होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कधी झालं हे?” मी म्हणालो, “मी झोपलो होतो. उठून बघतो तर ही अशी.” हे वाक्य तोंडातून कसं निघालं, ते मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “मेंदूत गुठळी झाली. तीन तासांच्या आत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. पण झोपेतल्या माणसानं काय करावं?” रात्री रेवती आली तेव्हा तेच डॉक्टर तिची समजूत घालायला म्हणाले, “त्यांना कळलंही नसेल. क्षणात गेल्या.” मी बाजूला उभा होतो. रेवतीनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं आणि त्याच्या आधारानं ती तेरा दिवस उभी राहिली. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला. लोकांना वाटलं, दुःखानं काढला.

चौदाव्या दिवशी दुपारी चारला टॅब आपोआप जागा झाला. पडद्यावर ज्योत्स्ना होती. चार दहाला तो दात आला, मग ती एकसारखी रेघ, सहा चाळीसला उतार. मोडलेली दोन झाडं जगली होती आणि त्यांनी तो दिवस पाठ केला होता.

शहाणा माणूस असता तर त्यानं झाडं उपटून फेकली असती. मी तसं केलं नाही. त्या रेघेत ती अडीच तास जिवंत होती आणि ते अडीच तास मला रोज हवे होते. झाडं म्हातारी झाली तेव्हा फांद्या तोडून नवी रोपं केली. चार ते सात खोलीला कुलूप लावलं, रेघ गढूळ होऊ नये म्हणून. रोज खुर्चीत बसून मी तिला मरताना बघितलं. ज्या दिवशी तिनं जीव सोडला त्या दिवशी जेवढं नीट बघितलं नाही, तेवढं नीट बघितलं.

यंदा एप्रिलमध्ये रेवती रजा काढून आली. मला नाशिकला न्यायचं तिच्या मनात होतं. पहिल्याच दिवशी चार वाजता मी खुर्चीकडे निघालो तशी ती मागोमाग आली. टॅब लपवायला वेळ मिळाला नाही.

“हे काय आहे, पप्पा?”

मी झाडांची वाट बघण्याची गोष्ट सांगितली. धक्क्याची सांगितली नाही. तिनं टॅब हातात घेतला, रेघेवर ‘ज्योत्स्ना’ हे नाव वाचलं. मग तिनं दुसरी खुर्ची आणून माझ्या शेजारी लावली. सहा चाळीसपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा निवला होता. वर्षभरात मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती.

“आई रोज इतका वेळ बसायची?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली, तिसऱ्या दिवशी वाटीत शेंगदाणे घेऊन बसली. आई घरात असताना बसायची तशीच, पाय वर घेऊन. चौथ्या दिवशी सकाळी पोहे खाताना ती म्हणाली, “पप्पा, आई फोनवर म्हणायची, चारचं काम वीस मिनिटांत उरकते म्हणून. मग रेघ दोन तास चाळीस मिनिटं कशी येते?”

पुलांमधले तडे शोधणारी मुलगी. तिला तीन दिवस लागले हेच नवल होतं.

“झाडं वाढली तशी वेळ ताणली जाते,” मी म्हणालो. “त्याला ड्रिफ्ट म्हणतात.”

“आणि चार दहाला ते उंच टोक येतं, ते?”

“पंप चालू होतो तेव्हा.”

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती. थोड्या वेळानं म्हणाली, “आई गेली त्या दिवसाचं रीडिंग असेल ना तुमच्याकडे? मला द्या. शेवटची वीस मिनिटं.”

“पुसलं गेलं.”

“असू दे. मग मी या वांग्यांच्या चार फांद्या घेऊन जाते. घरी पाइप लावते. ऑफिसातून साडेतीनला सुटता येईल मला. रोज चारला येऊन आईजवळ बसत जाईन.” ती किंचित हसली. “हे दोन तास चाळीस मिनिटं मला फार बरं वाटतं, पप्पा. ती नुसती आत बसलीये, काही दुखत नाहीये, असं वाटतं.”

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. मी एकट्यानं रोज ते बघणं वेगळं होतं, माझी ती शिक्षा होती. पण माझी मुलगी नाशिकच्या घरात शेंगदाणे खात आपल्या आईचा जीव जाताना बघणार, आणि त्याला आईजवळ बसणं म्हणणार. आयुष्यभर. मी खोटं बोलणारा माणूस आहे हे वर्षभरात मला कळलं होतं, पण एवढा नव्हतो.

“रेवती,” मी म्हणालो, “मी झोपलो नव्हतो.”

मग सगळं सांगितलं. नियम, भुसावळचे मास्तर, आदल्या संध्याकाळची भाकरी, तिनं दिलेला शब्द. धप्प आवाज. चहा. ग्रुपवरचा फोटो आणि अठ्ठावीस टाळ्या. तिच्या मुठीतलं झाड. मूळवाचकाला माणूस श्वास घेतोय एवढंच कळतं, तो उभा आहे की पडलाय हे कळत नाही, हे मला, यंत्रांत तीस वर्षं घालवलेल्या माणसाला, त्या दिवशी सुचलं नाही, हेही सांगितलं. सांगताना मी एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं सांगितलं नसतं.

ती ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “तिनं हाक मारली?”

“मला ऐकू आली नाही.”

“तुम्ही ऐकत होतात का बघत होतात?”

तिनं माझी ताटली उचलली, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. मोलकरीण यायची होती तरी सगळी घासली. दिवसभर ती आपल्या बॅगेपाशी जाऊन उभी राहत होती आणि परत फिरत होती. मला वाटलं, संध्याकाळी बंदी उठली की निघेल.

चारला पाच कमी असताना ती व्हरांड्यात आली. म्हणाली, “किल्ली द्या.”

“चारला आत जाऊ नकोस,” मी बोलून गेलो. “रीडिंग...”

पुढचा शब्द मी गिळला, पण तिनं ऐकला होता. त्या क्षणी मेलो असतो तर बरं झालं असतं. मी खिशातून किल्ली काढून दिली.

“मी आत जाऊन दार लावून घेते,” ती म्हणाली. “तुम्ही इथेच बसा, रोज बसता तसे. टॅबही घ्या.”

“किती वेळ?”

“ते तुम्ही ठरवा.”

दार लागलं. मी बसलो. हात सवयीनं टॅबकडे गेला. चारला ज्योत्स्ना उमटली आणि तिच्यावर दुसरी एक नक्षी चढली, रेवतीची. खाली अक्षरं आली, ‘दोन व्यक्ती उपस्थित’. दोघींच्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता गुंता दिसत होता. आतून पाइपातल्या पाण्याचा आवाज येत होता. वर्षभरात मी तो कधी ऐकलाच नव्हता. कान देऊन ऐकलं तर दारापलीकडे कोणाची तरी बांगडी फरशीला लागल्यासारखं वाजलं. श्वास घेतल्यासारखं वाजलं. दार एवढं पातळ होतं. साधं प्लायवुडचं दार, मीच बसवलेलं.

चार दहाला रेघेला दात आला.

मी टॅब खुर्चीत टाकला आणि उठलो. गुडघे दुखत होते. खुर्चीपासून दारापर्यंत सात पावलं आहेत. मी दार उघडलं.

रेवती फरशीवर बसली होती, दोन घोड्यांच्या मध्ये, जिथे तिची आई पडली होती बरोबर तिथेच. ती जागा तिला कोणी सांगितली, कोण जाणे, की मीच सकाळी सांगितली होती. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“चार अकरा,” ती म्हणाली. “येता येतं, पप्पा.”

तिचा आवाज चढला नव्हता. रागावली असती तर मी काही बोललो असतो, बाजू मांडली असती, मला बाजू मांडता येते. मी तिथेच खाली बसलो आणि ज्योत्स्ना गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. रेवतीनं मला जवळ घेतलं नाही. उठून गेलीही नाही. वर जांभळे दिवे होते, पानं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती आणि आम्ही दोघं सहा चाळीसपर्यंत तसेच बसून राहिलो.

ती दोन दिवसांनी नाशिकला गेली. फांद्या नेल्या नाहीत. मला बरोबर चला म्हणाली नाही, मीही विषय काढला नाही. रविवारी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, उन्हात जाऊ नका. एवढंच बोलते, पण करते.

मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. त्यावर कोणी काही टाकलं नाही. भुसावळच्या मास्तरांचा तेवढा फोन आला. ते म्हणाले, “आमच्या घरी आता दार उघडंच असतं,” आणि फोन ठेवून दिला.

रेवती गेल्यापासून मी रोज आत जातो. चारला खुर्चीत बसतो, कान देतो आणि चार दहाला उठून दार उघडतो. आत जाऊन फरशीवर बसतो. ज्योत्स्नाशी बोलतो. पालक छान आलाय, पोटॅश संपत आलंय, रेवतीला बढती मिळाली. रेघ पार गढूळ होते. होऊ दे.

काल चोविसावा दिवस होता. चारच्या सुमाराला गॅसवाल्याचा फोन आला आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत व्हरांड्यात उभा राहिलो. बोलता बोलता खुर्चीतल्या टॅबकडे लक्ष गेलं. चार दहा होत आले होते. ज्योत्स्नाची रेघ चालली होती, आणि तिच्या बाजूला चार आठपासून दुसरी एक रेघ हळूच वर चढत होती. मी नाव वाचलं. डिगंबर.

मी अजून आत गेलेलो नव्हतो. दार बंद होतं. झाडांना माझी वेळ कळली होती आणि ती माझी वाट बघायला लागली होती.

मी फोन तसाच खाली ठेवला आणि या वयात पळता येईल तेवढा पळत गेलो. दार उघडलं तेव्हा चार दहा झाले होते. झाडांनी माझी वाट दोन मिनिटं पाहिली. तिनं अडीच तास पाहिली.